त्राकाय नगर : अस्सल, नक्कल आणि त्यांची परीक्षा

लिथुआनिया देशाचें नांव आपल्याकडील अभ्यासकांस बहुधा भाषाशास्त्राच्या ग्रंथांतून परिचित झालेलें असतें. तेथील भाषेंत पुत्रास 'सूनुस', मेंढीस 'आविस', अग्नीस 'उग्निस' व देवास 'दिएवस' म्हणतात. संस्कृत सूनु, अवि, अग्नि व देव ह्या शब्दांशीं त्यांचें नातें उघड आहे. अशा देशांतील एखाद्या जुन्या राजधानीचें दफ्तर सोडलें, तर त्यांत ही प्राचीन वळणाची भाषा पानोपानीं भेटेल, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. प्रत्यक्ष स्थिति निराळी आहे. लिथुआनी भाषेंतील पहिलें पुस्तक १५४७ सालीं छापलें गेलें, आणि तेंही राज्याच्या सीमेबाहेर, क्यॉनिग्सबेर्ग येथें. राज्याचा कारभार त्यापूर्वीं व त्यानंतरही पूर्व-स्लाव वळणाच्या दफ्तरी भाषेंत आणि लॅटिनमध्यें चाले. त्राकाय ह्या लहानशा नगरांत तर आणखी एक भाषा नांदत होती. ती तुर्की कुळांतली असून हिब्रू लिपींत लिहिली जाई.

ह्या नगराचा वृत्तांत येथें देण्याचा हेतु केवळ परदेशची माहिती पुरविणें हा नाहीं. जुन्या कागदांचा संग्रह करणारांस अस्सल कागदाची आवड असते व नकलेविषयीं अनादर असतो. अस्सल तें संग्राह्य व नक्कल ती रद्दी, इतक्या सोप्या विभागणीनें पुष्कळांचें काम चालतें. त्राकायचा जो इतिहास आज उपलब्ध आहे तो फार मोठ्या अंशानें नकलांवर उभा आहे. त्या नकलांपैकीं कांहीं प्रामाणिक आहेत, कांहींत लेखनिकांनीं हात चालविला आहे, आणि कांहींचा उपयोग माणसांच्या जीविताचा निर्णय करण्याकडे झाला आहे. नक्कल कोणीं केली, केव्हां केली व कशासाठीं केली हे तीन प्रश्न विचारल्यावांचून तिचें मोल ठरत नाहीं, हें ह्या एका गांवाच्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच अन्यत्र होईल.

१. स्थल व पूर्ववृत्त

त्राकाय हें गांव लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस हिच्या पश्चिमेस सुमारें २८ किलोमीटरांवर आहे. लोकसंख्या ५,००० च्या आसपास. गांव एका अरुंद भूशिरावर वसलेलें असून त्याच्या दोन्ही अंगांस सरोवरें आहेत. त्यांतील गाल्वे नांवाच्या सरोवरांत एका बेटावर विटांचा व दगडांचा कोट उभा आहे. ह्या गांवाच्या आधींचें मूळ ठाणें, ज्यास आज जुनें त्राकाय म्हणतात, तें थोड्या अंतरावर असून त्याचा संबंध चवदाव्या शतकांतील महाराजा गेदिमिनास ह्याच्याशीं जोडतात. त्याचा पुत्र केस्तुतिस ह्यानें सरोवरांच्या कांठीं नवें त्राकाय वसविलें. केस्तुतिसाचा पुत्र व्हितौतस हा लिथुआनियाच्या इतिहासांतील सर्वांत पराक्रमी पुरुष गणला जातो. त्याचा जन्म १३५० च्या सुमारास जुन्या त्राकाय येथें झाला व मृत्यु २७ ऑक्टोबर १४३० रोजीं नव्या त्राकाय येथें झाला. १४१० सालीं ट्यूटॉनिक पंथाच्या सरदारांचा ज्या ग्रुनवाल्डच्या लढाईंत मोड झाला, तींत लिथुआनी फौजेचें आधिपत्य त्याच्याकडेच होतें.

व्हितौतसाच्या काळीं येथें दोन किल्ले होते, एक भूशिरावरील व दुसरा बेटावरील. १४१४ च्या सुमारास गिल्बेर द लान्वा नांवाचा फ्लँडर्सकडील सरदार प्रवास करीत येथें आला. त्याच्या प्रवासवर्णनांत दोन्ही किल्ल्यांचा उल्लेख असून गांवांत व आसपास जर्मन, लिथुआनी, रशियन, यहुदी व तातार असे नानाविध लोक राहत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. पुढें राजसत्ता व्हिल्नियस येथें स्थिरावली व त्राकायचें राजकीय महत्त्व ओसरत गेलें. १६५५ सालीं मॉस्कोच्या सैन्यानें देशावर स्वारी केली, तींत किल्ल्यांचा विध्वंस झाला, आणि पुढें अडीचशें वर्षें बेटावर केवळ भग्नावशेष राहिले.

आज प्रवाशांस दिसतो तो बेटावरील कोट मुख्यत्वें १९५१ ते १९६१ ह्या दशकांत पुन्हा उभारलेला आहे. सोव्हिएट राज्यांत चाललेल्या ह्या कामावर खुद्द क्रुश्चेव्हनें १९६० सालीं टीका केली होती. सरंजामी काळाचा गौरव करण्यांत पैसा खर्चूं नये, असा त्याचा आक्षेप होता. तरीही काम तडीस गेलें, व १९६२ सालीं तेथें पदार्थसंग्रहालय उघडलें. म्हणजे पंधराव्या शतकांतील बांधकाम व विसाव्या शतकांतील बांधकाम एकाच भिंतींत नांदत आहे. दगडविटांच्या बाबतींत असें पुनरुज्जीवन डोळ्यांस चटकन दिसतें. कागदाच्या बाबतींत तें दिसत नाहीं, म्हणून तेथें अधिक सावध राहावें लागतें.

२. राजदफ्तर

लिथुआनियाच्या महाराज्यांतून निघणाऱ्या सनदा, निवाडे, वतनपत्रें, तह व वकिलांचीं पत्रें ह्यांची नोंद राजाच्या कचेरींत वह्यांतून ठेवीत. त्या वह्यांच्या समुच्चयास 'लिथुआनी मेट्रिका' म्हणतात. आपल्या परिभाषेंत हें राजदफ्तर होय. पाठविलेल्या पत्राची तालीक आपल्या दफ्तरीं ठेवावी त्याचप्रमाणें दिलेल्या सनदेची नक्कल ह्या वहींत उतरून ठेवीत. अस्सल सनद ज्याची त्याच्या घरीं जाई. म्हणून मेट्रिका ही उपजतच नकलांची आहे. आरंभीं हें दफ्तर त्राकायच्या किल्ल्यांत होतें, व १५११ सालीं तें व्हिल्नियस येथें नेलें.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या वह्या जीर्ण झाल्या. तेव्हां लेव्ह सापिएहा हा महाराज्याचा चॅन्सेलर होता. त्याच्या आज्ञेवरून १५९४ पासून १६०७ पर्यंत त्या वह्या नव्यानें उतरून काढण्यांत आल्या. ज्यांवरून त्या उतरल्या त्या मूळ वह्या पुढें नष्ट झाल्या. परिणाम असा कीं, काझिमिर राजाच्या कारकीर्दीपासूनच्या पंधराव्या शतकांतील नोंदी आज वाचतांना हातीं येतो तो कागद, ती शाई व तें अक्षर सोळाव्या शतकाच्या शेवटचें असतें. दिलेल्या सनदेची वहींत उतरलेली प्रत ही पहिली नक्कल, व तिची ही दुसरी नक्कल. कागदाच्या वयावरून मजकुराचें वय ठरविणारा परीक्षक अशा ठिकाणीं सर्वस्वीं फसेल.

ह्या दफ्तराचा प्रवास येथेंच थांबला नाहीं. अठराव्या शतकांत तें वॉर्सा येथें गेलें. तेथील कारकुनांस जुनी सिरिलिक लिपि वाचतां येईना, म्हणून अनेक वह्यांचें रोमन लिपींत लिप्यंतर करण्यांत आलें. हीं लिप्यंतरें वॉर्साच्या दफ्तरखान्यांत राहिलीं आहेत. १७९५ सालीं राज्याची वांटणी झाल्यावर रशियानें मूळ दफ्तर सेंट पीटर्सबर्गला नेलें, व १८८७ सालीं तें मॉस्को येथें आलें. तेथील सरकारी दफ्तरखान्यांत तें आहे. ज्या किल्ल्यांत हें दफ्तर प्रथम राहिलें तो किल्ला पडला व पुन्हा उभा राहिला. पण दफ्तर पुन्हा त्या गांवीं आलें नाहीं. संशोधकास त्राकायची सनद वाचावयाची तर त्यास त्राकाय सोडून दूरदेशीं जावें लागतें.

३. कराइम समाज व त्याची सनद

लान्वाने ज्यांस यहुदी म्हटलें त्यांत कराइम नांवाचा समाज होता. कराइमांचा धर्म बायबलाचा जुना करार तेवढा प्रमाण मानतो. तालमूद ह्या यहुद्यांच्या परंपरागत स्मृतिग्रंथाचें प्रामाण्य तो मानीत नाहीं. ह्या मताचा उगम आठव्या शतकांत बगदादच्या बाजूस झाला. जे यहुदी तालमूद मानतात त्यांस, भेद दाखविण्याकरितां, रब्बानी म्हणतात. लिथुआनियांतील कराइमांची मातृभाषा मात्र तुर्की कुळाची आहे. मूळचे तुर्क लोक ह्या धर्मांत आले, कीं मूळच्या यहुदी धर्मीयांनीं क्रीमियांत राहून तुर्की भाषा स्वीकारली, ह्याविषयीं पंडितांत दोन पक्ष आहेत. समाजांतील परंपरा अशी सांगते कीं, १३९७-९८ च्या सुमारास व्हितौतसानें क्रीमियाकडील स्वारीनंतर ह्या लोकांस आणून त्राकाय येथें वसविलें. त्यांच्या वस्तीचा रस्ता आजही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. रस्त्याकडे तीन खिडक्या असलेलीं लांकडी घरें व 'केनेसा' नांवाचें प्रार्थनामंदिर हीं त्या वस्तीचीं चिन्हें होत.

१४४१ सालीं महाराजा काझिमिर ह्यानें त्राकायच्या कराइमांस माग्देबुर्ग पद्धतीचा नगराधिकार दिला. ह्या पद्धतीचा अर्थ असा कीं, नगरवासीयांनीं आपला मुख्य व आपलें न्यायासन आपल्यापैकींच नेमावें, व स्थानिक सरदाराच्या अंमलाखालीं राहूं नये. मध्य व पूर्व यूरोपांतील शेंकडों गांवांस हा अधिकार मिळाला होता. परंतु ख्रिस्ती नसलेल्या एका लहान समाजास तो मिळणें ही असाधारण गोष्ट होती. कराइमांच्या मुख्यास 'वोइत' म्हणत, व तो थेट राजास जबाबदार असे. त्याच गांवांत ख्रिस्ती लोकांची नगरसंस्था वेगळी होती.

प्रत्येक नव्या राजाकडून अशी सनद पुन्हा करून घ्यावी लागे. राजा बदलला कीं समाजाचे पुढारी जुने कागद घेऊन दरबारीं जात, व नव्या शिक्क्यानिशीं जुना मजकूर पुन्हा लिहून घेत. म्हणून एकाच सनदेच्या अनेक पिढ्यांच्या नकला निर्माण झाल्या. ह्या नकला हौसेनें ठेवलेल्या नव्हत. सतराव्या शतकांत रब्बानी यहुद्यांनीं त्राकायांत वस्ती करूं नये, असा हुकूम कराइमांनीं मिळविला; त्या तंट्यांत जुन्या सनदा हेंच त्यांचें शस्त्र होतें. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत जीं कागदपत्रें निघतात त्यांचीच ही जात. अशा कागदांत हक्क सांगणाराच्या सोयीचा भाग ठळक असणार व गैरसोयीचा भाग गळणार, हें गृहीत धरूनच तीं वाचलीं पाहिजेत.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. १४४१ च्या सनदेंत व नंतरच्या राजकीय कागदांत ह्या समाजाचा उल्लेख 'त्राकायचे यहुदी' अशा अर्थाच्या शब्दांनींच येतो. कराइम व रब्बानी हा भेद त्या काळच्या लेखनिकास महत्त्वाचा वाटला नाहीं. पांचशें वर्षांनीं ह्याच भेदावर जगणें व मरणें अवलंबून राहणार होतें.

४. इसाकाचा ग्रंथ

त्राकायचें नांव पश्चिम यूरोपांत पसरलें तें एका ग्रंथामुळें. इसाक बेन अब्राहाम हा सोळाव्या शतकांतील तेथील कराइम पंडित. कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट व एकेश्वरवादी अशा अनेक ख्रिस्ती पंथांच्या लोकांशीं त्याचे वादविवाद होत. त्या वादांतून त्यानें हिब्रू भाषेंत 'हिझ्झूक एमूना', म्हणजे श्रद्धेचें दृढीकरण, हा ग्रंथ रचला. ख्रिस्ती मताच्या आधारवचनांचें त्यांत क्रमानें परीक्षण आहे. तो पुरा होण्यापूर्वींच इसाक वारला, व मागें राहिलेलें काम त्याचा शिष्य योसेफ मालिनोव्स्की ह्यानें पुरें केलें.

जवळजवळ शंभर वर्षें हा ग्रंथ केवळ हस्तलिखितांच्या द्वारें फिरला. कराइमांचें लिखाण असूनही रब्बानी यहुद्यांनीं त्याच्या प्रति आवडीनें करून घेतल्या, व नकला करतांना आपल्या मतास जुळेल असे फेरफारही त्यांत झाले. योहान क्रिस्टॉफ वागेनझाइल ह्या जर्मन पंडितास उत्तर आफ्रिकेंतील स्यूता येथें ह्याची एक प्रत मिळाली. तीवरून त्यानें १६८१ सालीं आल्टडॉर्फ येथें मूळ ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापला. त्याचा उद्देश खंडनाचा होता. यहुद्यांच्या आक्षेपांचें 'सैतानाचे अग्निबाण' अशा अर्थाचें नांव दिलेल्या संग्रहांत त्यानें तो घातला. परंतु ग्रंथ एकदां लॅटिनमध्यें आल्यावर तो कोण कोणत्या हेतूनें वाचील हें प्रकाशकाच्या हातीं राहिलें नाहीं. अठराव्या शतकांत व्हॉल्तेअरनें त्याची वाखाणणी केली. १८५१ सालीं मोझेस मोकाट्टाचें इंग्रजी भाषांतर निघालें, व १८६५ सालीं डेव्हिड डॉइच ह्यानें जर्मन भाषांतरासह निराळी आवृत्ति काढली.

ह्या वृत्तांतापासून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध हा कीं, छापील आवृत्ति म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे. ती एका विशिष्ट हस्तलिखिताची नक्कल असते. छापील पुस्तक निघाल्यावर हस्तलिखितें निरुपयोगी झालीं असें मानून जर तीं टाकून दिलीं, तर त्राकायच्या पंडितानें लिहिलें काय व स्यूताच्या प्रतींत शिरलें काय, हें ठरविण्याचें साधनच उरत नाहीं.

५. भाषेची जतन झालेली व न झालेली बाजू

कराइमांच्या बोलीच्या तीन शाखा सांगतात: क्रीमियांतील, गालिसिया व वोलिनियाकडील हालिच-लुत्स्क येथील, व त्राकायची. त्राकायच्या बोलीचें वैशिष्ट्य भाषाशास्त्रज्ञांस मोलाचें वाटतें. तुर्की भाषांत एका शब्दांतील स्वर परस्परांशीं जुळते असतात. त्राकायांत ती जुळणी व्यंजनांकडे गेली आहे. शब्दांतील व्यंजनें एक तर सर्व तालव्य वळणाचीं होतात, किंवा सर्व तशीं नसतात. आजूबाजूच्या लिथुआनी व स्लाव भाषांच्या सहवासांत हें घडलें. हिब्रू लिपींत हा भेद नीट दाखवितां येत नाहीं. म्हणून जुन्या पोथ्यांतील शब्द कसा उच्चारला जाई हें केवळ पोथीवरून सांगतां येत नाहीं. बोलणाराच्या तोंडून ऐकलेला उच्चार जोडीला लागतो. क्राकाव्ह येथील पंडित तादेउश कोवाल्स्की ह्यानें १९२९ सालीं त्राकायच्या बोलींतील संहितांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याचें महत्त्व ह्यामुळें फार आहे. लेख व उच्चार ह्या दोन्ही बाजू त्यांत एकत्र आल्या.

ह्या दूरच्या बोलींत मराठी वाचकास ओळखीचे शब्द भेटतात. मित्रास 'दोस्त' व जगास 'दुनिया' म्हणतात. १९३१ सालापासून लुत्स्क येथें ह्या समाजाचें एक नियतकालिक निघूं लागलें, त्याचें नांव 'कराय आवाझी', म्हणजे कराइमांचा आवाज. फार्सी व अरबी शब्द एका बाजूनें क्रीमियाच्या वाटेनें बाल्टिकाजवळ पोंचले व दुसऱ्या बाजूनें दक्षिणेंतील दरबारांच्या वाटेनें मराठींत आले; दोन्ही टोंकांस ते घरगुती होऊन राहिले.

पोथ्यांच्या बाबतींत एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १६८८ सालीं पोलंडचा राजा यान सोबिएस्की ह्याच्या बोलावण्यावरून त्राकायचीं कांहीं कराइम कुटुंबें ल्व्हूव्ह शहराजवळ कुकिझुव्ह येथें जाऊन राहिलीं. त्या वस्तींत सिम्हा बेन हनानेल ह्यानें १७२० च्या सुमारास तोरा, म्हणजे बायबलाचीं पहिलीं पांच पुस्तकें, कराइम भाषांतररूपानें लिहून काढलीं. ही पोथी खाजगी संग्रहांत राहिली होती. मिहाउ नेमेत ह्यानें तिची चिकित्सक आवृत्ति २०२१ सालीं प्रसिद्ध केली, व पश्चिमेकडील कराइम भाषेंतील तोराचें हें सर्वांत जुनें ज्ञात भाषांतर असल्याचें सर्वांस कळलें. त्राकायची भाषा त्राकायच्या बाहेर गेलेल्या एका वस्तीनें लिहिली, आणि तीनशें वर्षें ती कोणा सरकारी ग्रंथालयानें नव्हे तर घरांनीं सांभाळली. घरांतील पेटींत पडलेल्या उशिराच्या व शिक्का नसलेल्या पोथीकडे पाहून तोंड फिरविणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

बोलणारांची संख्या मात्र घटत गेली. लिथुआनियाच्या २००१ च्या खानेसुमारींत कराइम म्हणून नोंदलेले लोक २७३ होते, व २०११ च्या खानेसुमारींत २४१. त्यांतील प्रत्येकास पूर्वजांची भाषा येते असेंही नाहीं.

६. फिर्कोविचचा संग्रह

संग्राहकांच्या वर्गांत अब्राहाम फिर्कोविच (१७८७-१८७४) ह्याचें नांव एकाच वेळीं आदरानें व संशयानें घेतलें जातें. तो लुत्स्क येथील कराइम. क्रीमिया, कॉकेशस, जेरुसलेम व कैरो अशी दूरवर यात्रा करून त्यानें जुन्या हिब्रू पोथ्यांचा इतका मोठा संग्रह केला कीं, तसा संग्रह दुसऱ्या कोणा एकट्या मनुष्याच्या हातून क्वचितच झाला असेल. त्याचा पहिला संग्रह १८६२ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या शाही ग्रंथालयानें विकत घेतला, व दुसरा त्याच्या मृत्यूनंतर १८७६ सालीं घेतला.

त्याचा हेतु केवळ विद्येचा नव्हता. रशियन राज्यांत यहुद्यांवर अनेक निर्बंध होते. कराइम लोक फार पुरातन काळापासून क्रीमियांत असून इतर यहुद्यांहून भिन्न आहेत असें सिद्ध झालें तर त्यांस त्या निर्बंधांतून मोकळीक मिळण्यास आधार होणार होता. १८६३ सालीं कराइमांस इतर रशियन प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळालेही. हें सिद्ध करण्याच्या भरांत पोथ्यांच्या पुष्पिकांत व कबरींवरील लेखांत मित्या बदलल्याचा आरोप फिर्कोविचवर आला. हिब्रूंत आंकडे अक्षरांनींच लिहितात. एखादें अक्षर खरवडलें किंवा एखादी रेघ वाढविली कीं लेख शतकांनीं मागें जातो. हार्कावी व श्ट्राक ह्या पंडितांनीं १८७५ च्या सुमारास ह्या संग्रहाची परीक्षा करून अनेक मित्या बनावट असल्याचें दाखविलें.

तथापि ह्याच संग्रहांत संपूर्ण हिब्रू बायबलाची ती पोथी होती जिला लेनिनग्राडची पोथी म्हणतात. तिच्या पुष्पिकेवरून ती इ. स. १००८-०९ च्या सुमारास कैरो येथें लिहिलेली आहे, व संपूर्ण हिब्रू बायबलाची ती सर्वांत जुनी मितियुक्त प्रत होय. विसाव्या शतकांत हिब्रू बायबलाच्या प्रमाण आवृत्त्या तिच्याच आधारें निघाल्या. संग्राहक संशयित म्हणून संग्रह टाकाऊ ठरत नाहीं, आणि पोथी अस्सल म्हणून तिच्यावरील प्रत्येक ओळ अस्सल ठरत नाहीं. पुष्पिका व मूळ मजकूर ह्यांची परीक्षा वेगवेगळी केली पाहिजे, हा नियम ह्या एका मनुष्याच्या उदाहरणानें कायमचा घालून दिला आहे.

७. कागद आणि जीवित

१९२७ सालीं पोलंडांतील कराइमांनीं सेराया शापशाल (१८७३-१९६१) ह्यास आपला 'हाखान', म्हणजे धर्मप्रमुख, निवडलें. त्राकाय तेव्हां पोलंडच्या राज्यांत होतें. शापशाल हा पौरस्त्य विद्येचा अभ्यासक व मोठा संग्राहक होता. कराइम हे मूळचे तुर्क होत, हा पक्ष त्यानें हिरीरीनें मांडला. त्राकाय येथें समाजाच्या पदार्थसंग्रहालयाची इमारत १९३८ सालीं सुरू झाली. तिच्यांतील प्रदर्शन मात्र १९६७ सालीं उघडलें.

मध्यंतरीं ५ जानेवारी १९३९ रोजीं जर्मनीच्या वंशशोधन खात्यानें कराइमांस यहुदी गणूं नये असा निर्णय दिला. १९४१ सालीं जर्मन सैन्य लिथुआनियांत आलें. त्राकाय येथें काय झालें ह्याची नोंद मारणारांच्याच दफ्तरांत आहे. कार्ल येगर ह्या अधिकाऱ्यानें १ डिसेंबर १९४१ रोजीं कौनास येथून जो अहवाल पाठविला, त्यांत ३० सप्टेंबर १९४१ ह्या तारखेखालीं त्राकायसमोर ३६६ पुरुष, ४८३ स्त्रिया व ५९७ मुलें, एकूण १,४४६ यहुदी, असे आंकडे आहेत. हे त्राकाय व आसपासच्या गांवांतील रब्बानी यहुदी होत. ह्या अहवालाच्या पांच प्रति निघाल्या होत्या. त्यांतील केवळ चौथी प्रत उपलब्ध आहे. ती एक नक्कल नष्ट झाली असती तर मारेकऱ्याच्याच हातचा हा पुरावा आपणांस मिळाला नसता.

त्याच गांवांतील कराइम वांचले. परंतु तो निर्णय व्यापलेल्या प्रदेशांत पुन्हा तपासला जात होता, व त्यासाठीं जर्मन अधिकाऱ्यांनीं यहुदी विद्वानांचींच मतें मागविलीं. व्हिल्नियसच्या कोंडवाड्यांत अडकलेला झेलिग काल्मानोविच ह्यास शापशालच्या लिखाणाचें जर्मन भाषांतर करावें लागलें. वॉर्साच्या कोंडवाड्यांतील मेइर बालाबान व इग्नात्सी शिपेर हे इतिहासकारही ह्या प्रश्नावर विचारले गेले. कराइम वंशानें यहुदी नव्हेत, असा अभिप्राय त्यांनीं दिला. आपल्या मतानें दुसऱ्यांचे प्राण वांचतील हें ते जाणून होते. त्यांचे स्वतःचे मात्र वांचले नाहींत. बालाबान १९४२ सालीं वॉर्साच्या कोंडवाड्यांत, शिपेर १९४३ सालीं माय्दानेक येथें व काल्मानोविच १९४४ सालीं एस्टोनियांतील छावणींत मरण पावला.

हे अभिप्राय इतिहासाचे कागद आहेत. कराइमांच्या उत्पत्तीविषयीं तीन नामांकित पंडितांची साक्ष म्हणून जो त्यांचा उपयोग करील तो फसेल. आणि त्यांत सत्य नाहीं म्हणून जो ते बाजूस सारील तोही फसेल. ते कशाची साक्ष देतात हें त्यांच्या तारखेवरून, स्थलावरून व मागणाराच्या नांवावरून कळतें. फिर्कोविचनें मिति बदलली ती हक्कासाठीं. काल्मानोविच व त्याचे सहकारी बोलले ते जीव वांचविण्यासाठीं. दोन्ही ठिकाणीं मजकूर वस्तुस्थितीहून वेगळा असूं शकतो, परंतु दोघांस एकाच मापानें मोजणें हा अन्याय होईल. हेतूचा विचार केल्यावांचून अस्सल व बनावट हे शब्द अपुरे पडतात.

८. उपसंहार

त्राकायच्या वृत्तांतावरून संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या गोष्टी थोडक्यांत अशा. उशिराची नक्कल हातीं आली तर तिच्या स्वतःच्या तारखेची, अक्षराची व कागदाची वेगळी नोंद करावी, व मजकुराच्या तारखेशीं तिची गल्लत करूं नये. ज्या बासनांत वा पेटींत कागद सांपडला तें बासन मोडण्यापूर्वीं त्यांतील क्रम लिहून ठेवावा, कारण कागद कोणाच्या घरांतून आला हें कळलें तरच तो कोणत्या तंट्यासाठीं जपला होता हें कळतें. पुष्पिकेस पोथीहून वेगळी साक्षीदार समजून तिची उलटतपासणी करावी. छापील आवृत्ति निघाली तरी हस्तलिखित टाकूं नये. आणि जी भाषा लिपींत पूर्णपणें उतरत नाहीं तिच्या पोथ्यांबरोबर ती बोलणारांचे उच्चारही, ते हयात आहेत तोंवर, टिपून घ्यावेत.

बेटावरील कोट पाहण्यास दरवर्षीं पुष्कळ लोक जातात, व तो पाहण्यासारखा आहेही. परंतु त्या कोटांतून एके काळीं बाहेर पडलेला कागद मॉस्को, वॉर्सा, सेंट पीटर्सबर्ग व व्हिल्नियस असा विखुरलेला आहे, आणि कांहीं भाग खाजगी घरांत आहे. त्यांतला एकही कागद पहिल्या लेखनिकाच्या हातचा म्हणून सुटून राहिलेला नाहीं. प्रत्येकास कोणीतरी पुन्हा लिहिलें, पुन्हा शिक्का मारून घेतलें किंवा दुसऱ्याच्या हातीं दिलें, म्हणूनच तो उरला. पिढ्यान् पिढ्या नक्कल करीत बसलेल्या त्या लेखनिकांचीं नांवें बहुतेक आपणांस ठाऊक नाहींत. त्राकायचा इतिहास मात्र त्यांच्याच बोटांनीं लिहिलेला आहे.